जागेवरची खून

ती घटना मी केव्हाच विसरून गेलो असतो, पण खात्यातले सहकारी विसरू देतील तर ना. निवृत्तीच्या निरोप समारंभात सगळ्यांना शाल-श्रीफळ मिळतं. मला वर दाण्यांची एक पिशवी मिळाली. सभागृह हसून लोळलं, आणि माझ्या बायकोने कानात विचारलं, "हे काय?" तिलाही आजवर सांगितलं नव्हतं. आता सगळ्यांनाच सांगून टाकतो. नावं मात्र कोणाची घेणार नाही, माझंही नाही. माझी अब्रू जेवढी शिल्लक आहे तेवढी पुरवून वापरायची आहे.

मी मूळचा सांगलीकडचा. नंदुरबार जिल्ह्यातल्या एका छोट्या पोलीस ठाण्याचा प्रभारी म्हणून नुकताच रुजू झालो होतो. अहिराणी मला येत नव्हती, आणि ती येत नाही हेही मला कळलेलं नव्हतं. 'मराठीच की, थोडी वळवून बोललेली,' असा माझा समज. ठाण्यातले एक जुने हवालदार माझे कान होते. फिर्यादी बोलायचा, हवालदार ऐकायचे, मग मला सांगायचे, आणि मी 'हो, हो, कळलं मला' असं म्हणून मान हलवायचो. अधिकाऱ्याने मान हलवायलाच हवी.

त्या दिवशी सकाळी हवालदार साक्षीला कोर्टात गेले होते. हिवाळा होता. गावाबाहेरच्या पथारींवर, म्हणजे मिरच्या वाळत घालायच्या मोठ्या अंगणांवर, लाल मिरची पसरलेली, आणि वारा फिरला की अख्खं ठाणं शिंकायचं. ठाणे अंमलदार शिंका आवरायला बाहेर गेला तेवढ्यात फोन वाजला आणि तो मी उचलला. माझ्या कारकिर्दीतली ही एक ठळक चूक.

पलीकडे एक बाई होती. धाप लागलेली, रडवेली.

"साहेब, मन्हा जागावर करेल खून गायब व्हई गई!"

मी ताठ बसलो. जागेवर खून. आणि गायब.

"बाई, शांतपणे सांगा. खून कोणी केला?"

"मीच करेल व्हती ना, साहेब! काल, दिन बुडना तव्हय."

पंचवीसेक वर्षांच्या नोकरीत असा कबुलीजबाब मला मिळाला नव्हता. लोक रंगेहाथ सापडले तरी 'मी नव्हतोच तिथे' म्हणतात, आणि ही बाई आपणहून फोन करून सांगतेय की खून मीच केला, दिवस मावळताना केला.

"आणि आता?"

"सकायले देखं ते काहीच नही! सगळी गायब!"

प्रेत नाहीसं झालं होतं. म्हणजे साथीदार होता. मी कागद ओढला.

"कशानं केला?"

"दादरघाई, साहेब! लवकर या. मन्हं घर जाई!"

जागेचा पत्ता सांगून तिने फोन ठेवला. मी स्टेशन डायरीत स्वच्छ अक्षरात नोंद केली: दादरावरून ढकलून खून, प्रेत बेपत्ता, आरोपी महिलेची फोनवरून कबुली. आमच्याकडे दादर म्हणजे जिना. मग वायरलेसवरून जिल्ह्याला कळवलं, श्वानपथक मागवलं, उपअधीक्षक साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "शाब्बास. इतक्या लवकर कबुली?" मी म्हणालो, "सर, बोलतं करण्याची पद्धत असते." हे वाक्य पुढे त्यांनी मला बऱ्याच वेळा ऐकवलं.

दोन पंच घेतले, दोरी घेतली, जीपमध्ये मावतील तेवढे शिपाई घेतले आणि निघालो.

गावाच्या टोकाला रेल्वेची हद्द संपते तिथे मुरमाचं मोकळं माळरान आहे. पोचलो तर तिथे जिना नव्हताच. जिना लावायला भिंत नव्हती, भिंत लावायला घर नव्हतं. नुसती सपाट जमीन, तिच्यावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा, आणि त्या रेघांच्या मधोमध गुडघ्यात डोकं घालून बसलेली एक बाई. बाजूला डोक्याला रुमाल बांधलेला, दाढी पिकलेला एक माणूस उभा होता. साथीदार, मी मनात नोंद केली.

मी तडक बाईकडे निघालो. ती एकदम ओरडली, "साहेब! भीतमाईन नका येऊ!"

मी थबकलो. पाय हवेत.

"काय?"

"भीत शे तठे. दार आठे शे." तिने दुसरीकडे बोट दाखवलं. तिथे पांढरी रेघ हातभर तुटलेली होती. भीत म्हणजे भिंत, आणि भिंतीतून येऊ नका असं ती म्हणत होती, एवढं मला कळलं.

आता, खुनाच्या ठिकाणी आरोपीने अधिकाऱ्याला दार दाखवावं आणि अधिकाऱ्याने वळसा घालून त्या दारातून आत जावं, हे कुठल्याही नियमावलीत बसत नाही. पण मी गेलो. का गेलो ते अजून सांगता येत नाही. माझ्या मागे पंचही दारातूनच आले. एक शिपाई तर चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकला.

"प्रेत कुठे होतं?" मी आत आल्यावर विचारलं.

बाई आणि तो माणूस एकमेकांकडे बघू लागले.

"परेत?" बाई म्हणाली. "आठे? मन्हा घरमा?" आणि तिने जो पदर तोंडाला लावला तो रडण्यासाठी की अशुभ बोलणाऱ्याला टाळण्यासाठी, ते समजलं नाही.

तेवढ्यात कोर्टातून सुटलेले हवालदार मोटारसायकलवर आले. मी त्यांना बाजूला घेऊन कबुलीजबाब शब्दशः ऐकवला. ते ऐकताना आधी गंभीर होते, मग त्यांच्या मिशा हलू लागल्या, मग ते माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. खांदे गदगदत होते.

"साहेब," डोळे पुसत ते म्हणाले, "आमनी बोलीमा तुमना तो नाकातला 'ण' नही शे. पानी, लोनी, खून. समदं आम्ही 'न'वरच भागवतस."

"म्हणजे?"

"म्हणजे बाईने जागेवर खूण केली होती. ती नाहीशी झाली."

"मग खुनाला काय म्हणता तुम्ही?"

"खूनच. पन तो व्हयना, आन् ही व्हयनी. म्हणजे तो झाला, ही झाली. ती बाई घडीघडी 'गायब व्हई गई' सांगी ऱ्हायनी, तुम्ही ध्यान नही दिधं. मुडदा तो ऱ्हास, साहेब. ती नही ऱ्हात."

"आणि दादर?"

"दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी. दादरघाई म्हणजे दादरने." एवढं सांगून हवालदार जीपच्या मागे गेले आणि मनसोक्त हसून परत आले.

मी वायरलेस घेतला. "खून रद्द," म्हणालो. पलीकडून उपअधीक्षक साहेबांचा आवाज आला, "रद्द म्हणजे? मेलेला उठला का?"

श्वानपथक मात्र निघून चुकलं होतं. ते आलं. श्वान सगळं हुंगत, साखळी धरलेल्या शिपायाने वळवला तसा दाराच्या फटीतून आत गेला आणि एका कोपऱ्यात जाऊन निवांत बसला. बाई पहिल्यांदा जराशी हसली. म्हणाली, "चूल शे ती. ऊब लागी ऱ्हायनी त्याले."

तिचं हसू जितक्या पटकन आलं तितक्याच पटकन गेलं. तेव्हा मला समजलं की माझा खून रद्द झाला असला तरी हिचं दुःख रद्द झालेलं नाही.

हवालदारांमार्फत सगळा जबाब घेतला. बाई मूळची सातपुड्यातल्या एका पाड्यावरची. लग्नानंतर इकडे सपाटीला आली. नवरा ऊसतोडीला गुजरातेत, मुलगी नवापूरकडे आश्रमशाळेत. ही बांधकामावर घमेली वाहते. तो रुमालवाला माणूस म्हणजे गावातला जुना मिस्त्री, ज्याच्या हाताखाली ती काम करते. दोघांनी मिळून या तालुक्यात कितीतरी घरं उभी केली. बाईने आपल्या हाताने घासून चकचकीत केलेले ओटे आहेत, आणि घरभरणी झाल्यावर त्या ओट्यापर्यंत तिला कोणी बोलावलेलं नाही. ती स्वतः राहते रेल्वेच्या हद्दीला खेटून एका कुडाच्या खोपीत. ती खोपी कधीही हटवतील.

सरकारी घरकुल तिच्या नावाने फार आधी मंजूर झालं होतं. पण मंजुरी डोक्यावर घेऊन झोपता येत नाही. बांधायला जागा लागते, आणि जागा तिच्याकडे नव्हती. ज्याच्याकडे जागा त्याचं नाव बसत नाही, ज्याचं नाव बसतं त्याला जागा नाही. मला तर वाटतं देशभर घरं कमी पडतात ती अशीच, सिमेंटावाचून कमी आणि पाय टेकायच्या जागेवाचून जास्त. शेवटी ग्रामपंचायतीने या माळावर तुकडे पाडून दिले. उद्या सकाळी ग्रामसेवक येणार, बाईला तिच्या तुकड्यावर उभं करून मोबाईलवर फोटो काढणार, आणि तो तिथूनच वर जाणार. फोटो गेला की काम सुरू. उद्या ती उभी राहिली नाही, तर घर दुसऱ्या गावाला.

मिस्त्रीने कामावरून सुटल्यावर येऊन फक्कीने हे घर पुऱ्या मापात आखून दिलं होतं. "साब, कागद पे घर छोटा दिखता," तो म्हणाला, "मैं बोला, बहन, बैठ के देख." आणि ती खरोखर बसायला लागली होती. रोज संध्याकाळी कामावरून यायची, दारातून आत जायची, चुलीजवळ बसायची. चूल कुठे, मुलीची अभ्यासाची जागा कुठे, नवऱ्याची चप्पल कुठे, सगळं ठरलं होतं. हे सांगताना ती हात करून दाखवत होती, आणि आम्ही सगळे त्या दिशेला बघत होतो. एक पंच तर मुलीच्या जागेवर उभा होता, तो ओशाळून बाजूला सरकला.

मग खूण? ती तिच्या आजीकडची रीत. घर बांधण्याआधी दिवस मावळताना जागेच्या कोपऱ्यांत आणि मधे दाण्यांच्या लहान ढिगल्या मांडायच्या. सकाळी त्या तशाच असल्या तर जमीन 'ये' म्हणाली. विस्कटल्या, नाहीशा झाल्या, तर जमीन 'नको' म्हणाली. बाईने परवा मांडल्या, त्या गेल्या. काल परत मांडल्या, त्याही गेल्या.

"जमीन नको म्हनी ऱ्हायनी, साहेब," ती म्हणाली. "नको म्हनेल जागावर पोर कशी निजाडू?"

मिस्त्री कळवळून म्हणाला, "साब, इसकू समझाव ना. इत्ती मुश्कील से जमीन मिली."

मी समजवायला गेलो असतो तर काय बोललो असतो मला माहीत आहे: अंधश्रद्धा, विज्ञान, वगैरे. सुदैवाने त्या दिवशी माझ्या शब्दाला काही वजन उरलेलं नव्हतं. म्हणून मी मला येत होतं तेच केलं. म्हणालो, "बाई, जमीन काय म्हणाली ते मला कळत नाही. पण दाणे कोणी नेले ते शोधून देतो. मग तुम्ही ठरवा."

तपास सुरू झाला. प्रथम संशयित मिस्त्री, कारण जागेची माहिती त्याला.

"दाणे तू उचललेस का?"

"साब, मैं ईंट उठाता. दाना उठानेवाला दिखता क्या मैं?" असं म्हणून त्याने आपले पंजे दाखवले. त्या पंजांनी ज्वारीचा दाणा उचलणं म्हणजे फावड्याने सुई उचलणं. मी त्याला संशयितांतून वगळलं.

मग माझं पोलिसी डोकं चाललं. चोर कोणत्या बाजूने शिरतो ते समजायला हवं. म्हणून हुकूम सोडला: आज नुसत्या ढिगल्या नकोत, फक्कीच्या सगळ्या रेघांवरून, घराच्या सगळ्या भिंतींवरून दाण्यांची ओळ घालायची. जिथे ओळ तुटेल तिथून चोर. हवालदारांनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलणार होते, बोलले नाहीत. माणूस खड्ड्यात पडणारच असेल तर अनुभवी हवालदार त्याला थांबवत नाही, फक्त जरा लांब उभा राहतो. बाजारातून दादरची पिशवी आणवली. बाईने आणि मिस्त्रीने दिवस मावळताना भिंती दाण्यांनी भरल्या. दाराची फट तेवढी मोकळी ठेवली, आणि चुलीच्या जागी बाईने एक ढिगली मांडली.

पहाटे उजाडायच्या बेताला मी, हवालदार, मिस्त्री आणि बाई तिथे हजर झालो. कोपऱ्यात दबा धरून बसलो. थंडी होती. धुकं जमिनीला इतकं चिकटलेलं की रेघा दिसेनात, आणि रेघा दिसेनात तसं ते घर जास्तच खरं वाटायला लागलं. मला आत ऊब जाणवली. भाकरीचा वास आला. कुठेतरी एक मुलगी पुस्तक मोठ्याने वाचत होती. मी आरामात भिंतीला टेकलो आणि सपशेल मागे आडवा झालो.

"साहेब," हवालदार कुजबुजले, "भीत अजून ओली शे."

आता हसावं की उठावं या विचारात होतो, तेवढ्यात आवाज आला. पंखांचा.

आधी चिमण्या उतरल्या, मग होले, मग साळुंक्या. माळाच्या कडेच्या बाभळी रिकाम्या झाल्या असाव्यात. धुकं विरत होतं आणि पाखरं ओळीने बसत होती, जिथे दाणे होते तिथे आणि फक्त तिथेच. पुढची भिंत भरली. आडवी भिंत भरली. मुलीच्या जागेचा कोपरा भरला. बघता बघता त्या माळावर एक पूर्ण घर उभं राहिलं, पाखरांचं, हलतं, चिवचिवतं, राखाडी-तपकिरी भिंतींचं. दाराची फट तेवढी मोकळी होती. आम्ही त्या घराच्या आत बसलो होतो.

आणि वारा फिरला. पथारीवरून मिरचीचा झोत आला. मी नाक दाबलं, ओठ दाबले, देवाचं नाव घेतलं, आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी शिंक दिली.

घर उडालं.

अख्खंच्या अख्खं वर गेलं. क्षणभर ते तसंच आमच्या डोक्यावर होतं, भिंतीला भिंत धरून, आणि त्याच्या मधून नुकतंच तांबडं होऊ लागलेलं आभाळ दिसत होतं. मिस्त्री पुटपुटला, "या अल्लाह." मग घर फुटलं, बाभळीपर्यंत गेलं, विचार बदलला आणि थोडं थोडं करत परत आपल्या भिंतींवर येऊन बसलं.

"बाई," मी डोळ्यांतलं पाणी पुसत, म्हणजे मिरचीने आलेलं, विजयी सुरात म्हणालो, "हे तुमचे चोर. मुद्देमालासकट. जमीन काही नको म्हणालेली नाही."

मला वाटलं, झालं. तपास पूर्ण. पण बाईचा चेहरा तसाच.

"हा, साहेब. पन 'हो' बी कोठे म्हननी? दाना पाखरं खाई ग्यात. जमीन बोलनीच नही." ती रेघेबाहेर बघत होती. रस्त्यावर ग्रामसेवकांची गाडी येताना दिसत होती.

पुरावा मी आणला होता, पण तिचा खटला माझ्या न्यायालयात नव्हताच. भिंती हळूहळू विरत चालल्या होत्या. दाणे संपले तशी पाखरं उठत होती.

एक चिमणी राहिली. मातकट, लहानशी मादी. ती बाहेर होती, आणि तिला चुलीजवळची ढिगली दिसली असावी. ती पांढऱ्या रेघेपाशी आली. तिने मान वाकडी केली. उडून सरळ आत येणं सोपं होतं. पण ती टुणटुण उड्या मारत रेघेच्या कडेकडेने गेली, फटीपाशी पोचली, आणि दारातून आत आली. चुलीपाशी गेली. दाणे टिपू लागली.

बाईने माझी बाही ओढली. माझ्या वर्दीला आजवर कोणी असा हात लावला नव्हता.

"देखं का, साहेब? दारमाईन उनी! तुम्हले जे जमनं नही, ते तिले जमनं!" आणि मग हलक्या आवाजात, जणू चिमणीला ऐकू जाऊ नये म्हणून, "पाहुनी उनी मन्हा घरमा. पहिली पाहुनी."

ग्रामसेवक गाडीतून उतरले. ठाण्याचा प्रभारी अधिकारी पहाटे रिकाम्या माळावर मांडी घालून का बसलाय, हे त्यांनी शहाणपणाने विचारलं नाही. म्हणाले, "बाई, जागेवर उभ्या राहा." ती उभीच होती. पण ती बाहेर गेली, पदर नीट केला आणि दारातून आत येऊन उंबऱ्यापाशी थांबली. फोटो निघाला.

त्या प्रकरणाने मला काय शिकवलं? व्याकरण तर शिकवलंच. त्यानंतर मी अहिराणी शिकलो आणि फिर्यादीतले 'व्हयना' आणि 'व्हयनी' नीट ऐकू लागलो. दुसरी गोष्ट सवयीत उतरली आहे. आयुष्यभर सरकारी क्वार्टरांत राहिलो, आणि मोकळी जागा मला नेहमी मोकळीच दिसली: अतिक्रमण हटवायची, बंदोबस्ताची, गाड्या लावायची. पण ज्यांना घर नाही त्यांनी अशा किती जागांवर मनात भिंती घातलेल्या असतील, चुली मांडल्या असतील. आता मी कुठल्याही माळावर पाऊल ठेवण्याआधी उगाच थांबतो, आणि दार कुठे असेल ते बघतो. बायको म्हणते, गुडघे दुखत असतील.

बदली होण्याआधी एकदा त्या बाजूला गस्तीला गेलो होतो. घर उभं राहिलं होतं. विटांचं, गिलावा व्हायचा होता, खिडकीत नवऱ्याचा शर्ट वाळत होता. दाराबाहेर एका फुटक्या कौलावर दाणे ठेवलेले. जीपचा आवाज ऐकून बाई बाहेर आली. मला बघताच हात कमरेवर ठेवून, त्या नव्या भिंतीवर एक थाप मारून म्हणाली,

"या, साहेब! आते येईसन दखाडा भीतमाईन!"